खटका

हुजेफाभाईंनी काचेवर पाच कॅमेरे मांडले,
लग्नात आहेराची भांडी मांडावीत तसे,
आणि मेगापिक्सेल सांगायला लागले.
मी म्हटलं, ते राहू द्या.
उशीर किती करतो, ते सांगा.

ईस्ट स्ट्रीटवर तीस वर्षं दुकान.
रंग विचारणारे पाहिले, हप्ते विचारणारे पाहिले,
उशीर विचारणारा बहुतेक मी पहिलाच.
मी खिशातून स्टॉपवॉच काढलं.
माझं स्वतःचं, पिवळ्या दोरीचं.
बावीस वर्षं खो-खोचे डाव मोजलेत त्यावर.
शिट्टी पंचाची, वेळ माझी.

रीत सोपी आहे:
डाव्या अंगठ्याने घड्याळ, उजव्या बोटाने कॅमेरा,
दोन्ही एकाच दमात.
फोटो घड्याळाचाच काढायचा.
फोटोत जो आकडा दिसेल
तेवढा तो कॅमेरा थापा मारतो.

पहिला बावन्न शतांश.
रुपेरी, देखणा, पेटीत मखमल.
बावन्नात आमची शलाका एक पाटी मागे टाकते.
दुसरा एकेचाळीस.
तिसऱ्याने आधी घूं करून नाक बाहेर काढलं,
इकडेतिकडे पाहिलं,
तोवर माझं घड्याळ पाऊण सेकंद पुढे.
भाईंचा मुर्तझा बिलबुकाच्या पाठीवर आकडे लिहायला लागला.
पासपोर्ट फोटो न्यायला आलेल्या एक बाई
पाकीट हातात घेऊन थांबूनच राहिल्या.

घरी जुन्या कॅमेऱ्याचे चार वर्षांचे फोटो आहेत.
खांब आहे. खांबाभोवती धूळ आहे.
एकात टाच.
एकात वेणीचं टोक, रिबिनीसकट.
बाद झालेल्या, समोरच्या संघातल्या मुली
अगदी स्वच्छ आल्यात, नाव विचारावं इतक्या.
पाहुणे म्हणतात, यात तुमची कुठली?
मी बोट ठेवतो मोकळ्या मातीवर:
ही, आत्ता इथे होती ती.
यंदा तिचं अठराखालचं शेवटचं वर्ष.

पाचवा नऊ शतांश.
काळा, ठोकळा, कुणी वाढदिवसाला देणार नाही असा.
मुर्तझाने स्वतः मोजला. आठ.
त्याने आकड्याखाली दोन रेघा मारल्या.
भाई म्हणाले, हा दिवाळीपासून पडून होता, साहेब.
दोनशे कमी केले, सेल फुकट दिले,
मग म्हणाले, जरा ते घड्याळ बघू.
शून्यापासून दहापर्यंत
नुसते बघत उभे राहिले.

रविवारी पर्वतीच्या पायथ्याचं मैदान.
थंडी, पाणी मारलेली माती.
वेळेला तुळपुळ्यांना बसवलं होतं.
शलाकाला खो मिळाला, उठली,
खांबाच्या दिशेने निघाली,
आणि मी दाबलं.

पडद्यावर ती अजून जमिनीवरच.
गुडघा वाकतोय, हात अंगाशी, ओठ मिटलेले.
डोळे पळणाऱ्या मुलीवर नाहीत,
खांबाच्या पलीकडे आहेत,
जिथे अजून कुणीच पोचलेलं नाही.
अठरा वर्षांत हा चेहरा मी घरी पाहिला नव्हता.

दोष जुन्या कॅमेऱ्याचा.
तो उशीर करायचा, म्हणून माझं बोट आधी पळायला शिकलं.
ती झेपावणार हे खांद्यावरून कळायचं,
तेव्हाच दाबायचो, तरी हुकायचं.
आता कॅमेरा चुकत नाही.
बोटाला हे कुणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या डावात दम धरला.
सूर आला, पुरता, मातीला समांतर,
बोटं पळणारीच्या पाठीला टेकलेली,
धूळसुद्धा जागच्या जागी.

रात्री शलाकाने दोन्ही पाहिले.
सुराचा मैत्रिणींना हवा होता, चार प्रती.
पहिल्यावर म्हणाली, बाबा, हा पुसून टाका,
यात मी काहीच करत नाहीये.
बरं म्हटलं.
या कॅमेऱ्यात फोटो पुसायला
तीन बटणं दाबावी लागतात.
दोन दाबून झालीत.